शेवंती नावाच्या बाईची मुलगी

"हा एक्स क्ष म्हणून वाचू नका, तो श आहे," त्या वयस्कर गृहस्थांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. "आणि व्हीनंतरचा ओ म्हणजे आपला साधा अ. पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, कानाला आपला अ ओसारखाच ऐकू यायचा. प्रभूचा पोरोबो झाला तो असाच. शेवटचा एम नाकातला. आता वाचा."

मी वाचलं. शेवंतीं.

पणजीत, मळा नावाच्या भागातल्या एका जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आम्ही बसलो होतो. हे गृहस्थ आल्तिनच्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या माध्यमिक शाळेत, शिकलेले, पोर्तुगीजमधून आणि पोर्तुगीजमध्ये भाषांतरं करून देणारे. माझ्या हातात आईच्या जन्मनोंदीची नक्कल होती. अशा नकलेला गोव्यात सगळे 'तेओर' म्हणतात. सप्टेंबर १९५६, मये गाव, पहाटे चार वाजता, मुलगी. बापाचं नाव, आज्याचं नाव, बापाचा धंदा शेतकरी. सगळं एका दमात लिहिलेलं, मध्ये पूर्णविराम शोधावा लागेल असं.

माझ्या आईचं नाव शालिनी. म्हणजे मी जन्मल्यापासून चौतीस वर्षं तरी मी तेच ऐकत आले होते. रेशनकार्डावर शालिनी, गॅसच्या पुस्तकावर शालिनी, बाबांबरोबरच्या जोडखात्यावर शालिनी. लग्नात नवरीचं नाव तांदळात लिहून बदलतात, हे मला काय माहीत नव्हतं? माझं स्वतःचं बदलू दिलं नाही म्हणून सासरी थोडी कुरबुरही झालेली. पण आईला आधी दुसरं नाव होतं, आणि ते मी कधी विचारलंच नव्हतं, हे त्या बाल्कांवात कळलं. घरी येऊन विचारलं तर म्हणाली, "शेवंती गो. मामा अजून शेवते म्हणतो, ऐकलं नाहीस कधी?" ऐकलं होतं. ते लाडाचं नाव असेल असं वाटायचं.

हे सगळं सुरू झालं मावसभावामुळे. तो २०१३ साली पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडात स्विंडनला गेला. डिचोलीतला बीकॉम, तिथे गोदामात रात्रपाळीला खोकी उचलायचा आणि तरीही इथल्यापेक्षा बरं म्हणायचा. पोर्तुगाल १९८६ पासून युरोपच्या संघात. संघातल्या एका देशाचा नागरिक दुसऱ्या कुठल्याही देशात जाऊन राहू शकतो, नोकरी करू शकतो. म्हणून गोंयकाराचा पोर्तुगालचा पासपोर्ट लिस्बनला फारसा जातच नसे, तो सरळ लंडन, स्विंडन, साउथॉल गाठायचा. मग २३ जून २०१६ ला ब्रिटननं संघाबाहेर पडायचा कौल दिला. भावाचा फोन आला, "करायचं तर आता कर. दार बंद होतंय."

मी तेव्हा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. गोळ्या विरघळायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं, वह्या भरायच्या, ऑडिट आलं की रात्री थांबायचं. पगार वाढत नव्हता. सरकारी नोकरीला वशिला नव्हता. जावंसं वाटलं, त्याला याहून मोठं कारण नाही.

कायदा थोडक्यात असा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. भारतानं १९६२ च्या आदेशानं इथल्या लोकांना आपले नागरिक ठरवलं. पोर्तुगालनं मात्र गोव्यावरचा भारताचा हक्क मान्य केला तो त्यांच्याकडची हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या अखेरीच्या करारात. तोवर त्यांच्या लेखी इथली माणसं त्यांचीच. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्याला आपला जन्म लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत लावून घेता येतो आणि त्याच्या मुलांना त्याच्या पाठोपाठ. पाठोपाठ हा शब्द महत्त्वाचा. आई किंवा बाप आधी लागला पाहिजे, मग त्यांचं लग्न, मग मी. मधली पायरी गाळून चढता येत नाही.

पहिली पायरी बाबा. ते प्राथमिक शाळेतले मराठीचे निवृत्त मास्तर. त्यांनी वर्तमानपत्र खाली न घेता नाही म्हटलं. एक तर पेन्शनची भीती. दुसरं म्हणजे आमचा आजो. आजो मगोवाला, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा, त्या पक्षाच्या भाऊसाहेब बांदोडकरांचा भक्त. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यानं फुलावर शिक्का मारला होता. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायचं, दोन पानं म्हणजे संघप्रदेश म्हणून वेगळं राहायचं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली आणि आजो दोन दिवस जेवला नाही, ही आमच्या घरची कथा. बाबा म्हणाले, "त्याला मुंबईत सामील व्हायचं होतं, तुला ब्रुसेल्सात. मधल्या मध्ये माझी सही कशाला?"

आई तेव्हा ओट्यावर नारळ खवत होती. तिथूनच म्हणाली, "म्हाका खंय वचपाचें आसा? म्हजें करून उडय."

मला कुठे जायचंय, माझं करून टाक. इतकं सोपं.

मयेला मामाला सांगायला गेलो तेव्हा तो आधी हसला, मग चिडला. मये हे काय गाव आहे ते डिचोली तालुक्याबाहेर फारसं कोणाला ठाऊक नसतं. तिथला भाटकार, म्हणजे जमीनदार, मुक्तीच्या वेळी पोर्तुगालला गेला. १९६४ च्या कायद्यानं त्याची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारनं नेमलेल्या कस्टोडियनकडे आली. त्या जमिनीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मयेकरांना पुढची कित्येक वर्षं साधा गोठा दुरुस्त करायचा तरी कस्टोडियनचा कागद लागायचा. मामाचं अर्धं आयुष्य त्या कचेरीत गेलं. "आमचो भाटकार पाकल्यांच्या देशांत पळून गेला म्हणून आम्ही इथे लटकलो," तो म्हणाला, "आणि आता तू त्याच्या मागून चाललीस? तिथे भेटला तर सांग, पावती पाठव." पण आईचं तेओर काढायला लागणारा जुना उतारा त्यानंच कपाटातून काढून दिला. प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळीसकट.

कागदांचा प्रवास सांगत बसले तर पुस्तक होईल. जुनी नोंद शोधायची, तिची प्रमाणित नक्कल घ्यायची. माझं जन्मपत्र इंग्रजीत, त्याचं पोर्तुगीज भाषांतर करायचं. राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. अपॉस्टिल म्हणजे कागदाच्या पाठीला चिकटवलेली एक चिठ्ठी, ती असली की परक्या देशानं आपला शिक्का खरा मानायचा. ही सगळी धावपळ एजंटानं करायची असं ठरलं होतं. म्हापशातल्या त्या एजंटानं पैसे आगाऊ घेतले, आईचा अर्ज पाठवला आणि आठ महिन्यांनी तो परत आला. अर्जदार शालिनी, जन्मनोंद शेवंतींची. दोन बायका. एजंट म्हणाला, "मॅडम, तुम्ही नाव नीट सांगायला हवं होतं." मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग डिचोलीत एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी आईच्या लग्नाची नोंद मागवली आणि तिथे आमचं नशीब उघडलं. गोव्यात पोर्तुगीज नागरी कायदा अजून चालतो आणि लग्न नोंदवायला नवरानवरीला सिव्हिल रजिस्ट्रारसमोर दोनदा सही करावी लागते. आईबाबांनी १९८१ साली ती केली होती. त्या वहीत नवरीचं नाव जन्माचंच. खाली आईची सही, अडखळत काढलेली: शेवंती. म्हणजे तांदळातलं नाव घरात, देवळात, रेशनकार्डावर आणि पुढे आधारवरही गेलं, पण सरकारच्या वहीत ते कधी चढलंच नव्हतं.

वकीलबाईंनी सांगितलं, आता एकच व्यक्ती असल्याची प्रतिज्ञापत्रं करत बसू नका. लिस्बनला ती चालतीलच असं नाही. आईला पुन्हा शेवंती करा. आणि आम्ही केली. आधार बदललं, मतदार ओळखपत्र बदललं, बँकेत केवायसी केलं. बँकेतल्या मुलीनं विचारलं, "आजी, या वयात नाव बदलताय?" आई म्हणाली, "बदलत नाही गो, परत घेतेय." शेवटी पासपोर्ट काढला. बासष्टाव्या वर्षी आयुष्यातला पहिला पासपोर्ट, तोही कुठेही न जाण्यासाठी. त्याआधी आठवडाभर ती जेवणं आटोपल्यावर माझ्या भाच्याच्या दुरेघी वहीत सही गिरवत बसायची. शे लिहून झालं की थांबायची. व लिहिताना हात आपोआप शालिनीतल्या ल्याकडे वळायचा. खोडून पुन्हा. बाबा शेजारी बसून मास्तरांच्या नजरेनं बघायचे, बोलत काही नव्हते. एकदाच म्हणाले, "वेलांटी दुसरी."

मला तेव्हा त्याची गंमत वाटत होती.

एक गोष्ट वकीलबाईंनी दोनदा बजावली, आणि दुसऱ्यांदा बाबांनाही समोर बसवून. भारताचा कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. आपण होऊन दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं संपतं. मग केवळ लिस्बनच्या वहीत जन्म लावला, तिथलं ओळखपत्र नाही, पासपोर्ट नाही, तर इथलं गेलं की राहिलं? यावर गोव्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहे, कोर्टापर्यंत गेलेला आहे. "म्हणजे आईंचं नाव लागलं की त्यांच्या मागे एक प्रश्नचिन्ह लागलं असं समजा," त्या म्हणाल्या. आईनं मान डोलावली आणि विचारलं, "चहात साखर घालू ना?"

आईची नोंद २०१९ च्या शेवटी लागली. मग लग्नाचा अर्ज गेला आणि पाठोपाठ करोना आला. लिस्बन बंद, पणजी बंद, टपाल बंद. तेवढ्यात ब्रिटनचंही आटपलं. ३१ जानेवारी २०२० ला ते संघातून बाहेर पडले आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मोकळ्या येण्याजाण्याची मुदत संपली. त्याआधी तिथे राहायला आलेल्यांना ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करून आपला हक्क टिकवता येत होता. मावसभावाची पाच वर्षं भरली होती, त्याला कायमचा दर्जा मिळाला. त्याचं त्याला अजून आश्चर्य वाटतं, कारण हातात काहीच कागद नाही. घरमालकानं विचारलं की मोबाइलवरून एक कोड काढून द्यायचा. "आपण तेओरापासून अपॉस्टिलापर्यंत मेलो," तो म्हणतो, "आणि शेवटी मिळालं काय, तर ओटीपी."

माझी नोंद लागली २०२२ मध्ये. ज्या दारासाठी धावले ते दीड वर्षापूर्वी बंद झालेलं. सत्तावीस देश उघडे, पण इंग्रजीत नोकरी करता येईल असा मोठा देश एकच, आयर्लंड. तिथे कॉर्कच्या आसपास औषधांचे कारखाने आहेत हे मला नोकरीमुळे माहीत होतं. वर्षभरात एका कारखान्यानं घेतलं. काम तेच, गोळी विरघळायला किती मिनिटं.

भारतीय पासपोर्ट परत करायचा दिवस मला वाटलं होतं त्याहून फारच किरकोळ गेला. टोकन घ्या, बसा, पासपोर्ट द्या, पावती घ्या. मग परदेशी नागरिक म्हणून देश सोडायचा परवाना. जन्मल्यापासून ज्या तालुक्यात राहिले तिथून निघायला परवाना! तिथल्या पोलिसानं अर्जावरचा पत्ता वाचून विचारलं, "म्हणजे तुम्ही आमच्या मास्तरांच्या कोण?" मुलगी, म्हटलं. त्यानं खुर्ची दिली.

आता नवऱ्याचं सांगायला हवं. तो बांद्याचा. मुंबईचं वांद्रे नव्हे, सिंधुदुर्गातलं बांदा. आमच्या घरापासून गाडीनं पाऊण-एक तास, मध्ये पत्रादेवीचा नाका. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रहींवर जिथे गोळ्या झाडल्या तो हा नाका. बाबांची आई त्याच बाजूची, सावंतवाडी संस्थानातली. मुक्तीआधी भारतानं गोव्याची नाकेबंदी केली त्या काळात तिला माहेरी जायला परमिट लागायचं. भावाच्या लग्नाला ती पोचली नाही, हे ती मरेपर्यंत सांगायची. तर त्या रेषेच्या अलीकडे जन्मलेल्या बाईची मुलगी म्हणून मी युरोपची नागरिक, आणि पलीकडच्या आजोबांचा नातू म्हणून नवरा नाही. एकच भात, एकच सोलकढी, दशावतारही एकच. एका खाडीचं पाणी.

पण युरोपच्या कायद्यात एक चांगली सोय आहे. २००४ च्या निर्देशानुसार संघाचा नागरिक आपल्या देशाबाहेर दुसऱ्या सदस्य देशात राहत असेल तर त्याच्या जोडीदारालाही तिथे राहायचा आणि काम करायचा हक्क मिळतो, जोडीदार कुठल्याही देशाचा असो. व्हिसाला फीदेखील नाही. नवऱ्यानं ते पत्र दोनदा वाचलं. "म्हणजे मी थंय तुझो नवरो म्हणान जातलंय? बाकी काय नाय?" बाकी काय नाही. त्याच्या कार्डाला लागतो तो माझाच आधार. मी नोकरी सोडली तर त्याचा प्रश्न उभा राहतो. बांद्याला त्यानं हे घरी कसं सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

डब्लिनच्या विमानतळावर मी युरोपच्या रांगेतून पाच मिनिटांत बाहेर येते आणि तासभर सामानाजवळ त्याची वाट बघते. मुंबईला उलट. तो भारतीयांच्या रांगेतून जातो, मी विदेशी पासपोर्टांच्या रांगेत ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, हातात धरून उभी. कार्डावर आजीवन व्हिसा आहे. शेतजमीन घेता येत नाही, सरकारी नोकरी नाही, मत नाही. शेतजमीन घेण्याची माझी ऐपत कधी नव्हती आणि सरकारी नोकरी मिळणारच नव्हती, त्यामुळे त्या दोन्हींचं काही वाटलं नाही.

मताचं मात्र वाटलं. २०२४ ला ७ मे रोजी गोव्यात लोकसभेचं मतदान होतं आणि ७ जूनला आयर्लंडमध्ये युरोपियन संसदेचं. तिथे राहणाऱ्या संघाच्या नागरिकाला त्यात मत देता येतं, फक्त आपल्या मूळ देशातून देणार नाही असं लिहून द्यावं लागतं. मी लिहून दिलं. मूळ देश म्हणून त्या अर्जात पोर्तुगाल, जिथे मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही. मतपत्रिका हातभर लांब. शिक्का नाही, बटण नाही. उमेदवारांच्या फोटोंसमोर आवडीनुसार १, २, ३ असे आकडे टाकत जायचं, पेन्सिलीनं. मी तीन आकडे टाकले आणि अडले, चौथा कोण ते माझ्या सोबतच्या आयरिश बाईलाही ठाऊक नव्हतं. फुलावर शिक्का मारणाऱ्या आज्याला ही पद्धत पसंत पडली नसती. एक काय ते सांग आणि घरी जा, असा त्याचा स्वभाव.

पण त्याआधीचा ७ मे. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी घरी फोन लावला. मतदानाच्या दिवशी आमच्याकडे ठरलेलं असतं: बाबा आणि आई सकाळी सातलाच जातात, आई सणातली साडी नेसते, येताना शाळेच्या फाटकाशी कोणीतरी बोटं पुढे करून फोटो काढतं. फोटो आला नव्हता म्हणून फोन.

"शेवंती उलयता," आईनं उचलला. हल्ली ती फोनवर असं मुद्दाम म्हणते.

"गेला होतात?"

"तुझे बाबा गेले. सातालाच."

"आणि तू?"

"वकीलबाईंनी सांगितलं, तुम्ही नका जाऊ. ते प्रश्नचिन्ह आहे ना, ते सुटेपर्यंत यादीत नाव असलं तरी नको. उगाच कोणी तक्रार केली तर."

मला काही सुचेना. २०१९ ला ती गेली होती, तेव्हा लिस्बनचा कागद यायचा होता. म्हणजे तिचं शेवटचं मत शेवंतीच्या नव्या ओळखपत्रावरचं पहिलंच.

"मग दिवसभर काय केलंस?"

"फणस फोडला. मामानं धाडलेला, कापा. गरे तळून ठेवते, तुझा नवरा येईल तेव्हा ने." मागे बाबांनी काहीतरी म्हटलं. आई हसली. "म्हणतात, माझ्या बोटाला शाई नि हिच्या बोटांना चीक. खोबरेल चोळलं दोनदा, सुटत नाही मेला."